पुडीवरचं नाव

"ताट ठेव खाली," मी म्हणाले. "घरात दोन बायका हायत्या. गड्यानं भांडी घासायची वेळ अजून आली न्हाई."

धनाजी, माझा एकुलता एक लेक, मागच्या दारच्या दगडावर उकिडवा बसून आपलं जेवलेलं ताट राखेनं घासत होता. मान वर न करता म्हणाला, "सवय लागलीय, आई. दुकानात ज्याचं तोच घासतो."

"हे दुकान न्हाई."

"एवढं एकच तर हाय."

त्यानं ताट तीनदा विसळलं, पुसलं आणि ओसरीवर खिळ्याला अडकवलेल्या आपल्या पिशवीत ठेवलं. फडताळात नाही, पिशवीत. तांब्याही तिथंच, साबणही तिथंच. दाढीचं सामान तर ट्रंकेत कुलपाखाली. दसऱ्याला दुकान पोरांवर सोपवून महिन्याभरासाठी म्हणून आला होता. मार्गशीर्ष लागला तरी जायचं नाव काढत नव्हता.

आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात. कुठल्याही मुलखातल्या सराफ पेठेत जा, आमच्याकडचं एखादं तरी दुकान सापडेल. जुनं सोनं आटवायचं, त्याचा कस काढायचा, शुद्ध करून द्यायचं. आमच्या मालकांनी केरळात त्रिचूरला दुकान टाकलं तेव्हा मी कोवळी सून होते. मालक छातीत कळ येऊन गेले, तेव्हापासून चौदा वर्षं दुकान धनाजीच बघत होता. गुंजभर सोन्याची तक्रार कधी आली नाही. ज्ञानदेव निकमाचं दुकान म्हटलं की सराफ मोजून न घेता पिशवीत टाकायचे, हे मी अभिमानानं सांगते आणि कुणी ऐकत नसलं तरी सांगते.

तर हा असा माणूस पिशवीत ताट ठेवायला लागला, ओसरीवर एकटा झोपायला लागला. त्याची चार वर्षांची लेक स्नेहल मुका घ्यायला धावली की तिला हातभर लांब धरायचा. बाजारच्या दिवशी धान्याच्या अडत्याकडं जाऊन काट्यावर उभा राहायचा आणि स्वतःचं वजन करून घ्यायचा, हेही माझ्या कानावर आलं.

मला पहिला संशय आला तो सुनेचा. वेगळ्या ताटानंतर वेगळी चूल मांडतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझ्या सासूच्या डोळ्यांदेखत मी तेच केलं होतं.

उज्ज्वला शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसले.

"तुझ्या भावाचा कोल्हापुरास्नं फोन आल्ता म्हणं."

"दिवाळीला आलता, आत्या. तुम्हीच उचलला."

"त्यानंतर?"

"न्हाई."

"धनाजीला कोल्हापूरला ने म्हणून मागं लागलीयस का?"

तिनं शेंगा खाली ठेवल्या. "ते माझ्याशी चार शब्द बोलत न्हाईत, आत्या. कुठं नेणार? तुम्हाला काय सांगितलं असलं तर मलाबी सांगा. माझं काय चुकलं तेवढं तरी कळंल."

"ओसरीवर का निजतो?"

"मी विचारलं. उकडतंय म्हणाले."

बाहेर माणसं शेकोटीला बसत होती आणि माझ्या लेकाला उकडत होतं. मी उज्ज्वलाचं तोंड न्याहाळलं. खोटं बोलणारी वाटत नव्हती. पण मी स्वतः उत्तम खोटं बोलते आणि माझ्याही तोंडावर ते कधी दिसत नाही, म्हणून मी तिला सोडलं नाही.

दर पंधरा दिवसांनी धनाजी कुठंतरी जायचा. एकदा मिरज, एकदा कराड, एकदा सांगली. काम काय विचारलं की "हाय जरा." परत आला की दोन दिवस बरा असायचा, स्नेहलशी लांबून का होईना हसायचा. तिसऱ्या दिवशी पुन्हा आरशासमोर जीभ बाहेर काढून उभा. मग मला वाटायला लागलं, दुकानात काही घोटाळा झालाय. कुणाचं सोनं गेलंय आणि हा वकील शोधत फिरतोय.

एका दुपारी तो विहिरीवर गेलेला बघून मी पिशवी खाली घेतली. ताटाखाली घडी घातलेले तीन कागद होते. तिसरी शिकलेली बाई मी. मराठी असतं तर बोट ठेवून वाचलं असतं, पण सगळं इंग्रजी होतं. उज्ज्वला बारावी झालेली. तिच्या पुढ्यात टाकले.

"वाच. आन मोठ्यानं वाच, मनात न्हाई."

तिनं पहिला वाचला. "रक्ताची तपासणी हाय. नाव बाळासाहेब महादेव निकम. पुरुष. वय तीस."

"कोण?"

"बाळासाहेब भावजी." तिनं दुसरा उलगडला. तिसराही. "तिन्हींवर त्यांचंच नाव हाय. तीन गावांत केलंय." मग आवाज खाली गेला. "एचआयव्हीची तपासणी हाय, आत्या. एड्सची."

आमच्या भागात हा शब्द न कळणारं माणूस नव्हतं. परमुलखाहून खोकत आलेली आणि वर्षात गेलेली दोन पोरं आमच्याच गल्लीत होती.

"मग हाय का त्याला?"

"न्हाई म्हणून लिवलंय. तिन्हींत न्हाईच."

"नसलेल्या माणसाचं कोण तीनदा बघतं?" मी म्हणाले आणि कागद घडी घालून जागच्या जागी ठेवले.

बाळासाहेब म्हणजे शेवंताचा लेक. शेवंता माझ्या चुलत दिराची बायको, नात्यानं माझी जाऊ. समोरच्याच घरात राहते. लग्न होऊन आल्यापासून आमचं एका गोष्टीत जमलं नाही. माझ्या मनात सगळं झटक्यात जुळलं. बाळासाहेब टेम्पो घेऊन मुंबईपर्यंत जातो, तिथं काहीतरी करून बसलाय. आईला सांगायची सोय नाही, म्हणून धनाजीला धरलंय. आणि माझा भोळा लेक चुलतभावाच्या जिवासाठी गावोगाव फिरतोय, त्याच्या संगतीत राहतो म्हणून ताट वेगळं करतोय. मला हायसं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, नुसतं हायसं नाही, गोड वाटलं. शेवंता देवळात भेटली तेव्हा मी तिच्याकडं दया केल्यासारखं बघितलं.

दोन दिवसांनी बाळासाहेब चहाला आला. स्नेहल त्याच्या मांडीवर जाऊन बसली. मी तिला दंडाला धरून उचललं.

"काय झालं, काकी?"

"काय न्हाई. तुझं कपडं ऑइलचं हायत."

उज्ज्वला दारात उभी राहून बघत होती. बाळासाहेब गेल्यावर मला म्हणाली, "आत्या, त्या माणसाला तसं करू नका."

"तुला काय त्याचा पुळका?"

ती कपबशा उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहलला नवा फ्रॉक घालून, पिशवी भरून उंबऱ्याशी आली. मला वाटलं, सापडली एकदाची.

"कोल्हापूरला का?"

"माहेरी. माझ्या आईकडं." मग पायात चप्पल सरकवत म्हणाली, "सांगलीच्या कागदावरची तारीख मी बघितली, आत्या. त्या दिवशी आपल्या गल्लीत सुताराच्या मंगलचं लग्न हुतं. बाळासाहेब भावजी मांडवात अक्षता वाटत हुते. तुमच्या हातावर त्यांनीच दिल्या. आन गावात कोण नव्हतं, ते तुमीच आठवा."

ती गेली. मी उंबऱ्यावर बसले आणि आठवलं.

धनाजी गोठ्यात होता. गाय विकल्यापासून गोठा रिकामाच होता, तिथं तो तासन्‌तास बसायचा. मी आत जाऊन फाटक ओढून घेतलं.

"बाळ्याचं नाव कशापायी दिलंस?"

तो दचकला नाही. बरेच दिवस कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत असल्यासारखा गव्हाणीच्या कडेला टेकला.

"वैशाखात तिकडं देवळाचा उत्सव हुता," म्हणाला. "पेठ तीन दिस बंद. पोरं प्याली, मीबी प्यालो. एका लॉजवर गेलो समदी."

"तिथं बाई हुती."

त्यानं मान हलवली.

"कितीदा?"

"एकदाच. पर शुद्ध नव्हती आई, काय खबरदारी घेतली न्हाई. मग श्रावणात ताप आला, आठ दिस. शेजारच्या दुकानातला बबन त्याच रोगानं गेला, त्याचीबी सुरुवात तापानंच झाल्ती. तवापास्नं रोज गळा चाचपतो. हितं गाठ हाय का बघ."

त्यानं माझा हात धरून आपल्या मानेवर ठेवायला नेला आणि ठेवायच्या आधीच सोडून दिला.

"तीनदा तपासलंस. चांगलं निघालं न्हवं?"

"चांगलं निघालं ते बाळासाहेबाचं."

"रगत कुणाचं दिलंस?"

"माझं."

"मग?"

"तुला न्हाई कळायचं, आई. दुकानात माल आला की पुडी बांधायची आन वर चिठ्ठी. पुडीत काय, समदं पिवळंच. चिठ्ठी ज्याच्या नावाची, माल त्याचा. तात्यांनी पहिल्या दिवशी मला हेच शिकवलं. चिठ्ठीवरचं नाव चुकलं की किती का चोख कस निघंना, त्यो तुझा न्हाई." तो थांबला. "कागद हातात घेतला की वाटतं सुटलो. मग नाव दिसतं. बाळ्या सुटला. मी हितंच हाय."

मला न कळायला काय झालं! त्याच्या बापानं मलाही तेच शिकवलं होतं. सुरुवातीची दोन वर्षं मीही त्रिचूरला होते, पुड्या मीच बांधायचे.

"मग आपलं नाव सांगायचं हुतंस."

"कसं सांगू? आपल्या नावात तात्यांचं नाव येतं. धनाजी ज्ञानदेव निकम." तो पहिल्यांदा माझ्याकडं बघत होता. "तात्यांच्या नावाला डाग लावलास तर ह्या घराचा उंबरा चढू नगंस, असं तूच म्हणतीस."

हे मी म्हणत होते. चौदा वर्षं, दर खेपेला, एस. टी. सुटताना खिडकीशी उभी राहून.

मारायला माझा हात उचललेला होता. तो खाली आणला, भुईवर पडलेलं दावं उचललं आणि खुंटीला अडकवलं. "उद्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात," म्हणाले. "तुझ्या नावानं. मी येणार."

"वळखीचं कोण भेटलं तर?"

"भेटू दे."

म्हणाले खरं. रात्रभर मीच ओळखीची तोंडं मोजत होते.

दवाखान्यात त्या तपासणीची खोली वेगळी होती, पॅसेजच्या शेवटाला. दारावर लाल फितीचं चित्र. समोर लाकडी बाक. आत एक तरुण मॅडम होत्या, समजावून सांगणाऱ्या. त्यांनी वही उघडली.

"नाव?"

धनाजीनं वहीकडं बघितलं. "बा..." म्हणाला आणि थांबला. मी त्याच्या पाठीत बोट खुपसलं.

"आजी, तुम्ही बाहेर बसा," मॅडम म्हणाल्या.

"मी आई हाय."

"म्हणूनच सांगते. हे त्यांचं त्यांनाच सांगायचं असतं. निकालही मी त्यांच्याच हातात देणार."

मला कुणी बाहेर बसवल्याचं आठवत नाही. त्या दिवशी बसले. दार लोटलेलं होतं.  मग आतून त्याचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द सुटा: "धनाजी. ज्ञानदेव. निकम."  आजूबाजूला कुणी ऐकलं का म्हणून मी वळून बघितलं, आणि पॅसेजमधून शेवंता येताना दिसली.

गुडघ्याला मलमपट्टी करून परतत होती. मला बघून थांबली, मग दाराकडं बघितलं. लाल फितीचं चित्र तिलाही कळत होतं.

"अनसाक्का? तू हितं?"

"दिसतेय की."

"कुणाला घेऊन आलीस? धनाजीला का?" तिनं बाकावर माझ्याशेजारी टेकायची तयारी केली. "पोरगं वाळलंयच म्हणा. मी आमच्या बाळ्याला म्हणत हुते, धनाला काय झालंय बघ की रं. सून बी माहेरी गेली म्हणं तुझी."

ती बसली असती तर दार उघडेपर्यंत हलली नसती. आणि दार उघडलं की धनाजी पुढ्यात. तिच्याच लेकाच्या नावावर तीनदा रक्त दिलेला. ज्या पोराच्या मांडीवरून मी नातीला उचललं, त्याची ही आई.

"माझी तपासणी हाय," मी म्हणाले.

ती अर्धवट वाकलेली तशीच राहिली. "तुझी?"

"माझी."

"ह्या खोलीत?"

"तुला चित्र दिसतंय न्हवं?"

"अगं पर..." तिनं पदर तोंडावर घेतला. "भावजी जाऊन चौदा वर्षं झाली की."

"मोजलीस, बरं केलंस."

ती दोन पावलं मागं सरली. माझ्यापासून नाही, बाकापासून. मग लंगडत, पण येतानापेक्षा पुष्कळ वेगानं, फाटकाकडं गेली. मी तोंड फिरवलं तर दार उघडं होतं आणि धनाजी दारात उभा होता. किती वेळ उभा होता देव जाणे.

"आई, काय बोललीस तू त्यांना?"

"आत जा. रगत दिलंस का?"

"दिलं. पर आई..."

"मग निकाल येईस्तवर गप बस."

दुपारनंतर मॅडमनी त्याला पुन्हा आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा कागद त्याच्या हातात उघडाच होता. चेहऱ्यावर हसू नव्हतं. तो नाव वाचत होता, परत परत, बोट ठेवून, मी मराठी वाचते तसं.

"सात महिने झाल्यात म्हणाल्या. आता शंका धरायची न्हाई. न्हाईच म्हणाल्या."

"कुणाला न्हाई?"

"मला."

एस. टी. स्टँडवर त्यानं माझ्या बाटलीतलं पाणी मागितलं. मी बाटली दिली आणि दुसरीकडं बघितलं.

तो दुसऱ्याच दिवशी उज्ज्वलाच्या माहेरी गेला. मी येऊ का विचारलं तर नको म्हणाला. संध्याकाळी एकटाच परत आला. "समदं सांगितलं," एवढंच बोलला. "कागद बघितला तिनं. म्हणाली, रोग न्हाई ते बरं झालं. पर लॉज तर खरं हाय न्हवं." माझ्याकडं उत्तर होतं, बायकांना देतात ते नेहमीचं उत्तर. ते तोंडातच ठेवलं.

इकडं गावात शेवंतानं तिचं काम केलं. कुणी समोर बोललं नाही. पिठाच्या गिरणीत माझा डबा आला की बायका आपले डबे सरकवायच्या. देवळात शेजारची जागा रिकामी राहायची. पन्नाशी उलटलेली विधवा, कुणाबरोबर असेल, याची नावं लोकांच्या तोंडी यायला लागली. त्यातली दोन नावं ऐकून मला हसू आलं. ती माणसं माझ्या सावलीलाही घाबरायची. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात डोकावून बघितलं, तिच्या घरात आता सगळे डोकावत होते. मी कुणाला काही सांगितलं नाही. धनाजी सांगायला निघाला की मी त्याला बापाची शपथ घालायचे.

चैत्रात मी कुरडयांना गहू भिजत घातले. दरवर्षी आमच्या माळवदावर गल्लीतल्या दहा-बारा बायका जमायच्या. तीन दिवस भिजवलेला गहू वाटायचा, गाळायचा, त्याचा चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कापडावर कुरडया घालायच्या. एकटीचं काम नव्हे ते. त्या सकाळी कुणी आलं नाही. चीक शिजवून मी पातेलं चुलीवरून उतरवलं आणि जिन्यावर पावलं वाजली. उज्ज्वला होती, काखेत स्नेहल, अंगावर प्रवासाची धूळ.

"हे काय ऐकतेय मी माहेरी, आत्या?"

"काय ऐकतेस?"

"तुम्हाला झालाय म्हणून. माझ्या आईच्या गावातबी पोचलंय."

"मग आलीस कशाला?"

"विचारायला." ती धनाजीकडं वळली. तो सोऱ्या धुवत कोपऱ्यात बसला होता. "हे तुमी चालू दिलंत?"

"आईनं शपथ घातलीया."

"आईनं घातली." उज्ज्वलानं स्नेहलला खाली ठेवलं. "आधी बाळासाहेब भावजींच्या नावावर. आता आईच्या. तुमचं तुमच्या नावावर कधी व्हायचं? त्याशिवाय मी ह्या घरात पिशवी खाली ठेवणार न्हाई."

मी तोंड उघडलं. तिनं हात वर केला. माझ्यासमोर, माझ्याच घरात. आणि मी चीक ढवळायला लागले.

धनाजी उठला. हात पुसले. जिना उतरला. माळवदाच्या कठड्यावरून आम्ही दोघी बघत होतो. भर सकाळी, गल्लीतल्या सगळ्या दारांसमोरून तो शेवंताच्या घराकडं गेला. शेवंता पायरीवर तांदूळ निवडत होती. बाळासाहेब टेम्पो धूत होता. तो काय बोलला ते वर ऐकू आलं नाही. बोलणं लांबलं. शेवंताच्या हातातलं सूप मांडीवर टेकलं. तिनं मान वर करून आमच्या माळवदाकडं बघितलं, मला बघितलं आणि नजर खाली घातली. बाळासाहेबानं हातातली पाण्याची नळी बाजूला ठेवली, पुढं झाला आणि धनाजीच्या कानाखाली एक लगावली. आवाज वरपर्यंत आला. धनाजी जागचा हलला नाही. मग बाळासाहेबानंच त्याला दंडाला धरून पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला.

शेजारच्या माळवदावरून कुणीतरी विचारलं, "काय गं अनसाक्का, काय झालं?"

माझ्या जिभेवर दहा उत्तरं होती.

"चीक गार व्हायलाय, आत्या," उज्ज्वला म्हणाली. तिची पिशवी अजून खांद्यालाच होती. ती उतरवून तिनं कठड्याशी ठेवली आणि सोऱ्या माझ्या हातात दिला. "तुमी दाबा. मी भरते."